वंशावळीत आजी कुठं आहे?

चूल आवरून, लेकरांना जेवू घालून तुम्ही रेडिओजवळ बसला असाल. भांडी राहिली असतील तर राहू द्या घटकाभर. आजचा विषय आपल्या गटाच्या बैठकीतूनच निघाला आहे.

परवा हप्ते गोळा करताना एक मैत्रीण दमून आली. लेकाच्या दाखल्यासाठी वंशावळ जोडायची होती. गेली दोन-तीन वर्षं आपल्या जिल्ह्यात घरोघरी हेच चाललंय. निजामाच्या काळातले कागद शोधायचे, मोडी नाहीतर उर्दू वाचणारा माणूस गाठायचा आणि खापरपणजोबापर्यंत नाव जुळवायचं. तिच्या सासरची सहा पिढ्यांची वंशावळ निघाली. कागद हातोहात फिरला. आमच्यातली सर्वांत म्हातारी मावशी म्हणाली, "सहा पिढ्या झाल्या, पण ह्यात बाई एकबी नाही. ही समदी माणसं काय झाडाला लागली होती का?"

आम्ही हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना. मग दुसरीनं विचारलं, "ते साहेब लोक तर सगळं लिहून ठेवायचे. त्यांच्यात तरी बाईचं नाव राहत असंल का?" या प्रश्नाचा माग काढत आम्ही जे वाचलं, ते आज सांगतो.

साहेब लोक आपल्यापासून लांब नव्हते. आपल्या अंबाजोगाईचं निजामाच्या काळातलं नाव मोमिनाबाद. तिथं हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. ही फौज निजामाच्या पैशावर चालायची, पण अधिकारी इंग्रज असायचे. तिच्या खर्चाची थकबाकी इतकी वाढली की १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवावा लागला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. फौज मात्र १९०३ पर्यंत टिकली आणि मग इंग्रजांच्या हिंदी लष्करात मिसळली.

कंपनीचे इंग्रज हिंदुस्थानात आले ते बहुतेक एकटेच. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीच्या ताब्यात आलं, तेव्हा तिथल्या माणसांशी लग्नं लावायला विलायतेहून काही बायका जहाजानं पाठवल्या होत्या. पण सहा-सहा महिन्यांचा तो प्रवास करून येणाऱ्या बायका थोड्याच. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं पुष्कळ इंग्रजांनी इथल्याच बायकांबरोबर संसार केले. कुणी निकाह लावला, तर पुष्कळांनी तसंच घरात ठेवलं. या बायकांना 'बीबी' म्हणत. १७८० च्या सुमारास बंगालमधल्या इंग्रजांच्या मृत्युपत्रांत जवळजवळ दर तिसऱ्यात अशा बाईसाठी किंवा तिच्या मुलांसाठी काहीतरी ठेवलेलं दिसतं. पुढे हवा फिरली. १७९१ मध्ये कंपनीनं नियम केला, की आई-बापांपैकी एक जण हिंदुस्थानी असेल तर त्या मुलाला कंपनीच्या वरच्या नोकऱ्या नाहीत. मग बीबीचं नाव सांगायला माणसं कचरू लागली.

आज इंग्लंड-ऑस्ट्रेलियातली कितीतरी माणसं आपले इथले पूर्वज शोधतात. कंपनीच्या काळातल्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या वहीत बापाचं नाव, पलटण, हुद्दा सगळं सापडतं. आईच्या जागी मात्र कितीदा तरी नुसतं 'देशी बाई' असं लिहिलेलं असतं, नाहीतर जागा कोरीच. कधी धर्म बदलताना मिळालेलं नवं नाव असतं. मग तिचं मूळ नाव काय, गाव कुठलं, आई-बाप कोण, हे कळायची वाट तिथंच बंद होते. म्हणजे मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. साहेबाच्या वहीतही बाई नव्हती.

पण काही बायका या वहीतून निसटून आपल्यापर्यंत पोचल्या. त्यांतल्या दोन घरांची गोष्ट आपल्याच जुन्या राज्यातली आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि या गोष्टी हैदराबादच्या आहेत.

पहिली खैरुन्निसा. हैदराबादच्या बड्या घराण्यातली मुलगी. तिथला इंग्रज रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक याच्याशी तिचं लग्न झालं. एक मुलगा, एक मुलगी. घरात त्यांना साहिब आलम आणि साहिब बेगम म्हणत. १८०५ मध्ये बापानं दोघांना विलायतेला आजोबांकडे पाठवलं. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीन वर्षांची. जहाजात बसण्याआधी मद्रासला त्यांचं चित्र काढून घेतलं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात कर्कपॅट्रिक वारला. तिकडे लंडनमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहिब आलमचा विल्यम झाला आणि साहिब बेगमची कॅथरीन, लाडानं किटी. खैरुन्निसाला लेकरं पुन्हा दिसली नाहीत. १८१३ मध्ये ती गेली तेव्हा तिशीचीही नव्हती.

किटी मोठी झाली, तिचं लग्न झालं, लेकरं झाली. तरी आईची आठवण सुटली नाही. जवळजवळ पस्तीस वर्षांनी तिला कळलं, की हैदराबादला आपली आजी, आईची आई शरफुन्निसा, अजून जिवंत आहे. मग पत्रं सुरू झाली. नातीचं पत्र इंग्रजीत, आजीचं फारसीत, मधे भाषांतर करणारी परकी माणसं. १८४७ मध्ये आजी वारली. दोघींची भेट झालीच नाही. पण तुटलेला धागा नातीनं आजीपर्यंत नेऊन बांधला. वहीनं जे पुसलं होतं ते पत्रांनी राखलं.

दुसरी फैज बख्श. जनरल विल्यम पामरची बीबी. तिचा मुलगा विल्यम पामर हैदराबादचा मोठा सावकार झाला. त्याची मुलगी मेरी, आणि मेरीचा नवरा मेडोज टेलर. तुळजापूरला जाणाऱ्या मैत्रिणींनी हे नाव लक्षात ठेवावं. १८५३ नंतर नळदुर्गचा कारभार काही वर्षं याच साहेबाकडे होता. त्यानं तुळजापूरच्या मुलखावर कादंबरीही लिहिली. तो १८७६ मध्ये वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याचं आत्मचरित्र छापून आलं. ते तयार केलं त्याच्या लेकीनं, ॲलिसनं. ॲलिस म्हणजे फैज बख्शची पणती. बापाकडून मोजली तर ती पक्की इंग्रज, आणि आईकडून मोजली तर हैदराबादची लेक. माणूस एकच, पण मोजायची काठी बदलली की कूळ बदलतं.

ही काठी अजूनही बदललेली नाही. आपल्या राज्यघटनेत अँग्लो-इंडियन कोण, हे सांगणारं कलम ३६६ आहे. त्यात बाप किंवा बापाकडचा पुरुष पूर्वज युरोपीय असावा, असं म्हटलंय. आईचा विचार त्यात नाही. आपली दाखल्याची वंशावळही तशीच बापाच्या बाजूनं चालते.

मग आपण काय करायचं? दाखल्याचा कागद सरकारला लागतो तसाच द्यावा लागेल, त्याला इलाज नाही. पण घरासाठी दुसरी वंशावळ आपण लिहू शकतो. सुरुवात आपल्यापासून करायची. मग आई, आईची आई, तिची आई. प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव आणि गाव लिहायचं. गावातल्या जुन्या बायकांना विचारा. त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांत माहेराची, भावाची, गावाची नावं अजून आहेत. पैठण, पंढरपूर, त्र्यंबकेश्वरला घरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, तिथं गेलात तर घरच्या बायकांची नावंही विचारा. शाळेचं रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद आणि जमिनीचे फेरफार पाहा. वारसाच्या फेरफारात लेकींची नावं लागतात. आजीचं नाव कधी तिथंच सापडतं, आणि खाली हक्कसोड केल्याचा अंगठाही तिथंच असतो. तो अंगठा पाहिला की नाव राखणं आणि हक्क राखणं किती जवळजवळ आहे ते कळतं. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क दिला आहे, हेही त्याच बैठकीत एकमेकींना सांगा.

एक गोष्ट चांगली झाली आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं ठरलं आहे. शंभर वर्षांनी कुणी आपला शोध घेईल तेव्हा आईची जागा कोरी नसेल.

परवाच्या बैठकीत आम्ही वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवलं. मावशीनं आपल्या आजीचं नाव सांगितलं आणि आम्ही ते लिहिलं. कुठल्याही सरकारी कागदावर नसलेलं नाव पहिल्यांदा शाईत उतरलं. आता तुमच्या गटाच्या वहीतही एक पान मोकळं ठेवा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आजीचं नाव घेऊन या.