भंडाऱ्याची जागा रिकामी कशी झाली?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कोण जिंकले, किती मतांनी जिंकले, काँग्रेसने कशी ताकद लावली, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. ती पोटनिवडणूक मुळात लागलीच का, हे मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकलेले दिसते : जागा रिक्त झाली होती. रिक्त झाली म्हणजे काय झाले? खासदार वारले? त्यांनी राजीनामा दिला? मी भंडारा जिल्ह्यातच वाढलो, आणि वयाची पंचेचाळिशी गाठेपर्यंत मला हा प्रश्न पडला नव्हता, याची आजही थोडी लाज वाटते. उत्तर सापडले ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांच्या एका जाड खंडात, आणि त्या उत्तराला बिडीचा वास होता.

माझे शिक्षण बी.कॉम.वर थांबले. पुढची बावीस वर्षे एका करसल्लागाराच्या कचेरीत गेली. भागीदारी संस्थेची नोंदणी करणे, भागीदार आला-गेला की तसे निबंधकाला कळवणे, विक्रीकराची विवरणपत्रे भरणे, हे माझे काम. त्यामुळे तो निकाल मी वकिलाच्या नव्हे, कारकुनाच्या नजरेने वाचला. पुढचे विवेचनही त्याच नजरेने केलेले आहे.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी भंडारा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. गोंदियाही तेव्हा याच जिल्ह्यात. लोकसभेचा मतदारसंघ दुहेरी : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव, मतदाराला दोन मते. सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसाणी निवडून आले, राखीव जागेवर तुलाराम साखरे. छाननीत काही अर्ज बाद झाले होते. त्यातला एक राखीव जागेसाठीचा, गंगाराम ठवरे यांचा. मोरेश्वर परशराम यांनी निवडणूक अर्ज दाखल केला, न्यायाधिकरणाने सगळी निवडणूकच रद्द ठरवली, आणि जसाणी सर्वोच्च न्यायालयात गेले.

जसाणींवरचा आक्षेप असा : ते मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडीच्या पेढीचे भागीदार होते. ही पेढी सैन्याच्या कॅन्टीन स्टोअर्सला बिड्या पुरवत असे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या सातव्या कलमात तरतूद होती, की सरकारला माल पुरवण्याच्या कंत्राटात ज्याचा वाटा किंवा हितसंबंध आहे, तो सभागृहात बसायला अपात्र. हा नियम इंग्रजांकडून आलेला. ब्रिटिश संसदेने १७८२ साली सरकारी कंत्राटदारांना कॉमन्स सभेची दारे बंद केली, कारण खासदारांना कंत्राटे वाटून त्यांची मते विकत घेण्याची राजाच्या मंत्र्यांना सवय लागली होती.

'कंपनी' या शब्दाने वाचकाची फसगत होऊ नये. नावात कंपनी असली तरी ही होती भागीदारी. कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी ही कायद्याच्या लेखी एक वेगळी व्यक्ती असते. तिने केलेला करार तिचा. भागीदारीला असे वेगळे अस्तित्व नाही. पेढीने पाठवलेला बिड्यांचा प्रत्येक कट्टा हा प्रत्येक भागीदाराने पाठवलेला असतो. गल्ल्यावर कोण बसतो, पत्रावर सही कोणाची, याला महत्त्व नाही. आमच्याकडच्या व्यापाऱ्यांना ही गोष्ट नफा वाटून घेताना पक्की कळते, जबाबदारी आली की कळेनाशी होते.

इथे माझी एक आठवण सांगणे भाग आहे. जिल्हा परिषदेच्या एका निवडणुकीआधी, अर्ज भरायच्या आदल्या रात्री, एक पुढारी आमच्या कचेरीत आले. त्यांच्या भावाबरोबरची पेढी जिल्हा परिषदेची नालीची, मोरीची कामे घेत असे. महाराष्ट्राच्या १९६१च्या कायद्यात, परिषदेच्या कामात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असलेला माणूस सदस्यत्वाला अपात्र ठरतो. "भाऊ, मी पेढीतून निघालो असं मागच्या तारखेचं लिहून द्या ना," ते म्हणाले. जुन्या तारखेचा मुद्रांक त्यांनी सोबतच आणला होता. भागीदारी कायदा सांगतो, की भागीदार निवृत्त झाला तर नोंदलेल्या पेढीने निबंधकाला कळवावे, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहीर करावे. तोवर बाहेरच्या जगासाठी तो भागीदारच. यातले काहीही झाले नाही. निवृत्तीपत्र मात्र झाले, आणि ते टंकलिखित केले मी. कोणी विचारले नाही. ते निवडूनही आले.

जसाणींनी असला मागच्या दाराचा मार्ग धरला नव्हता. ते भागीदार होते हे न्यायालयापुढे स्पष्ट होते. त्यांच्या बाजूचा बचाव दुसऱ्याच कागदी त्रुटीवर उभा होता आणि मला तो या प्रकरणातला सर्वांत मनोरंजक भाग वाटतो. घटनेचे २९९वे कलम म्हणते, की केंद्र सरकारचा करार राष्ट्रपतींच्या नावाने व्हावा आणि अधिकार दिलेल्या व्यक्तीने त्यांच्या वतीने तो करावा. बिड्यांचा हा व्यवहार तसा झालाच नव्हता. तो साध्या पत्रापत्रीने ठरला होता. मग बचाव असा : करार विहित नमुन्यात नाही, म्हणजे तो शून्यवत. करारच नाही तर त्यात हितसंबंध कुठला, आणि अपात्रता कुठली? सरकारने आणि पेढीने मिळून नियम पाळला नाही, आणि त्या न पाळण्याचीच ढाल उमेदवार पुढे करत होता!

निकाल लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते नागपूरचे, सर्वोच्च न्यायालयात जाण्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की रोज शेकडो सरकारी अधिकारी लहानसहान खरेदी पत्राने किंवा तोंडीही करतात. प्रत्येक वेळी भारदस्त दस्तऐवज करा म्हटले तर कारभार ठप्प होईल. नमुना पाळला नाही तर असा करार सरकारवर लादता येत नाही, हे खरे. म्हणून तो मुळात नव्हताच असे होत नाही. सरकार त्याला मागाहून मान्यताही देऊ शकते. तेव्हा हितसंबंध होताच.

दुसरा बचाव होता, माल तर पोचला, आता राहिले काय? न्यायालयाने म्हटले, पैसे यायचे आहेत तोवर करार संपत नाही. दोन्ही बाजूंनी आपापला भाग पुरा करावा लागतो. नोव्हेंबर १९५१मध्ये अर्ज भरले गेले, फेब्रुवारी १९५२मध्ये निकाल लागले, आणि मधल्या काळात व्यवहार चालू होता. फेब्रुवारी १९५४मध्ये जसाणींचे अपील फेटाळले गेले.

याच निकालात ठवरे यांचा प्रश्नही सुटला. ते महार, पण महानुभाव पंथात गेलेले. म्हणून अनुसूचित जातीचे उरले नाहीत, असे म्हणत त्यांचा अर्ज बाद केला होता. जुन्या समाजाने त्यांना कसे वागवले, त्यांचा स्वतःचा हेतू काय होता, नव्या पंथाचे नियम काय सांगतात, या तीन गोष्टी तपासून न्यायालयाने ते महारच राहिले असा निर्वाळा दिला. अर्ज चुकीने बाद झाला होता. १९५६च्या नागपूरच्या धर्मांतराला तेव्हा अडीच वर्षे होती. पंथ बदलला तर जात जाते का, हा प्रश्न असा बिड्यांच्या बिलाशेजारी बसून सर्वोच्च न्यायालयात पोचला, याकडे आपल्या अभ्यासकांनी म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही.

मे १९५४मध्ये दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक झाली. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी बाबासाहेबांना आठ हजारांहून अधिक मतांनी हरवले. १९५१चा लोकप्रतिनिधित्व कायदा कायदामंत्री या नात्याने संसदेत मांडला होता तो बाबासाहेबांनीच, आणि २९९वे कलम असलेली घटना ज्या मसुदा समितीने घडवली तिचे तेच अध्यक्ष. त्यांच्या हाताखालून गेलेल्या दोन तरतुदी एकमेकींशी भिडल्या, त्यातून भंडाऱ्याची जागा मोकळी झाली, आणि त्याच जागेवर ते पडले.

पुढे काय झाले? मद्रास राज्यातल्या एका बसमालकाचा टपालाच्या थैल्या वाहून नेण्याचा करार होता. त्यांच्या प्रकरणात १९५५ साली न्यायालय बोस यांच्याच वाटेने गेले. साठच्या दशकात मात्र वारा फिरला. २९९मधला नमुना बंधनकारक आहे, तो न पाळलेला करार करारच नव्हे, असे निकाल एकामागून एक आले. ते आधी आले असते तर जसाणींचा पहिला बचाव टिकण्याची बरीच शक्यता होती, असे माझे मत आहे. दुसरा बचाव तर संसदेनेच उचलून धरला : १९६६मध्ये घातलेल्या कलम ९-अ मध्ये स्पष्टीकरण आहे, की कंत्राटदाराने आपला भाग पुरा केला असेल, तर केवळ सरकारकडून येणे बाकी आहे म्हणून कंत्राट चालू आहे असे धरू नये. 'वाटा किंवा हितसंबंध' हे जुने रुंद शब्दही गेले. खुद्द ब्रिटनने १७८२पासूनची ही बंदी १९५७ साली उठवून टाकली. २००१मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाणीचा पट्टा या कलमात बसत नाही असे ठरवले, त्यामुळे कंत्राटापेक्षा कितीतरी मोठी कमाई कलमाबाहेर राहिली. हे सैलावणे मला पटत नाही. पण बिल अडकले एवढ्यावरून खासदारकी जावी, हेही मला कधी पटले नव्हते.

२०१८मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर उमेदवाराच्या शपथपत्रात नवे रकाने आले : स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि ज्या भागीदारी पेढीत ते भागीदार असतील तिचीही सरकारशी झालेली कंत्राटे. तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत मी आमच्या भागातल्या उमेदवारांची शपथपत्रे उतरवून घेतो, आणि निबंधकाकडच्या पेढ्यांच्या नोंदींशी ताडून पाहतो. कोण कधी निवृत्त झाला, त्या तारखांवर माझे विशेष लक्ष असते. कंत्राटांच्या रकान्यात बहुतेकांनी 'निरंक' लिहिलेले असते.