व्हॉल्व्हचं मशीन आणि नातवाची गिटार

परवा पुण्याहून नातवाचा फोन आला. "आजोबा, गिटारसाठी अख्खा ट्यूब अँप्लिफायर घेऊ की मॉड्यूलर प्रीअँप?" आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न! पण ट्यूब म्हणजे आपला जुना व्हॉल्व्ह, हे त्याने सांगितलं मात्र, आणि मी थेट आमच्या धर्मापुरीच्या सप्ताहात जाऊन बसलो.

साठच्या दशकातली गोष्ट. सप्ताह आला की लाऊडस्पीकरवाला बैलगाडीतून मशीन आणायचा. त्याची बॅटरी, भोंगे, वायरींची भेंडोळी, सगळं आम्हा पोरांना नवलाचं. बटण दाबलं की लगेच आवाज यायचा नाही. आधी काचेच्या नळ्यांत लालसर उजेड दिसे, थोडा वेळ नुसती घरघर, आणि मग 'हॅलो, हॅलो'. माझे चुलते कीर्तनात चाल म्हणायचे. ते टिपेला गेले की मशीनवर ताण यायचा, पण आवाज फाटत नसे. उलट जाड होई, भरून येई. आम्हाला वाटे, काकांचा गळाच तसा.

आता थोडा इतिहास. फ्लेमिंगने १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये पहिला व्हॉल्व्ह केला. १९०६ मध्ये अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात एक बारीक जाळी घातली. या जाळीवरच्या क्षीण विजेने मोठी वीज हलवता येऊ लागली. रेडिओ, बोलपट, लाऊडस्पीकर हे सगळं त्या जाळीतून पुढे आलं. आपल्याकडेही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले.

अशा मशीनचे दोन भाग असतात. पहिला भाग माईकचा किंवा गिटारचा दुबळा आवाज उचलतो आणि त्याला रंग देतो. गिटारवाल्यांच्या मशीनमध्ये इथे बहुधा ईसीसी ८३ नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. हा झाला प्रीअँप. दुसऱ्या भागात ईएल ३४ सारखे दांडगे व्हॉल्व्ह आणि तांब्याच्या तारेचा वजनदार ट्रान्सफॉर्मर. स्पीकर हलवण्याचं कष्टाचं काम यांचं.

हे मशीन बनवणाऱ्यांना खरं तर स्वच्छ आवाजच हवा होता. पण गिटारवाल्यांनी आवाज पार वर नेला. व्हॉल्व्हला तो पेलेना, आणि आवाजाच्या लाटेचे शेंडे गोल होऊन दबले. तो दोषच लोकांना आवडला. जिम मार्शलने १९६२ मध्ये लंडनमधल्या आपल्या दुकानात अमेरिकन फेंडरच्या बासमन मशीनवरून आपलं मशीन बेतलं, आणि पुढे हाच गडगडाट जगभर गेला.

मॉड्यूलर प्रकारात फक्त पहिला भाग छोट्या डबीत असतो. ब्रूस एग्नेटरने अशा डब्या केल्या, हल्ली सिनर्जीच्या मिळतात. एक काढा, दुसरी घाला, आवाजाचा रंग बदलतो. पुढचा भाग व्हॉल्व्हचा लावा नाहीतर ट्रान्झिस्टरचा. जागा कमी, खर्च विभागलेला, आणि शेजाऱ्यांची झोप शाबूत. शिवाय दांडगे व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरचे गिटारवाले हवालदिल झाले होते, कारण आता व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने उरलेत ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये.

नातू म्हणाला, "रंग तर पहिल्याच भागात असतो ना? मग पुढे काहीही असलं तरी काय फरक पडतो?"

इथे मी गप्प झालो. ऐंशीच्या दशकात गावाने ट्रान्झिस्टरचं मशीन घेतलं, ते माझ्याच आग्रहावरून. हलकं, लगेच सुरू होणारं, बारा व्होल्टच्या बॅटरीवर रात्रभर चालणारं. तोवर गावाचं स्वतःचं झालेलं जुनं मशीन आम्ही भंगारात दिलं, ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याच्या भावाने. त्या सप्ताहात काका टिपेला गेले आणि आवाज करकरला. उतरल्यावर मला म्हणाले, "बाळ्या, यात माझा आवाज पातळ येतोय रे." मी म्हणालो, "काका, आता वय झालं तुमचं." ते काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षापासून चाल म्हणायला उभेच राहिले नाहीत.

भोंगे तेच होते, माईक तोच होता. बदललं होतं फक्त मशीन. व्हॉल्व्ह ताणाखाली हळूहळू दबतो, ट्रान्झिस्टर एकदम कापतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? वयही झालं असेल थोडं. पण विचारायला हवं होतं, ऐकून पाहायला हवं होतं. मी निकाल देऊन मोकळा झालो. मास्तरांची खोड, दुसरं काय!

म्हणून नातवाला सांगितलं, तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस, तुझ्यासाठी डब्याच बऱ्या. पण पैसे देण्याआधी एकदा एखाद्या हॉलमध्ये अख्खं मशीन पूर्ण आवाजात वाजवून ये. काय सोडतोयस ते कानाला कळू दे, मग खुशाल सोड.

तो 'बरं' म्हणाला. आता काय घेतो ते बघू. तुमच्या गावातलं जुनं मशीन कुठे गेलं? आठवत असेल तर जरूर लिहा.