सिंहगडच्या गाडीमागून

होळकरांच्या इंदुरात सिनेमा आधी रस्त्यावर यायचा, मग थिएटरात. त्याच्या जाहिरातीची गाडी गल्लोगल्ली फिरायची. शांतारामबापूंच्या ‘सिंहगड’ची अशीच एक गाडी काकांच्या दुकानात बसवलेल्या एका मुलाने पाहिली आणि त्याला तैलरंगांचा ध्यास लागला. रंगांना पैसे नव्हते, तेव्हा शाळेची पुस्तके विकून ते उभे केले. पंढरपुरात 1915 साली जन्मलेला हा मुलगा म्हणजे मकबूल फिदा हुसेन. त्यांनी स्वतःच सांगितलेली ही आठवण आहे.

मुलाला हौस असली तरी तिला वळण लावणारा कोणी लागतो. इंदुरात ते काम दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी केले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या देवळालीकरांनी 1927 साली इंदुरात कलाशाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर आणि हुसेन हे सगळे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तालीम इंदुरात, पण पदविकेची परीक्षा मुंबईची. बेंद्रे 1933 साली ती पदविका घेऊन बाहेर पडले. हुसेनच्या वडिलांना भेटून, या पोराला चित्रेच काढू द्या, असे पटवणारेही बेंद्रेच.

पुढे मुंबईत हुसेननी पोटासाठी सिनेमाची होर्डिंग रंगवली. फूटपाथवर उभे राहून डोक्यावरच्या प्रचंड फळ्यावर नायिकेचा चेहरा उतरवायचा, तर आकार, प्रमाण आणि लांबून दिसणारा रंग या तिन्ही गोष्टी हातात बसाव्या लागतात. सिनेमा त्यांनी पाहिला तो असा, आधी रंगाऱ्याच्या बाजूने.

1967 साली हा रंगारी कॅमेऱ्यामागे गेला. फिल्म्स डिव्हिजनचे सल्लागार जहांगीर भावनगरी यांनी चित्रकाराच्या हाती लघुपट सोपवण्याचे धाडस केले. ही संस्था सरकारी. तिचे माहितीपट प्रत्येक थिएटरात मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात आणि त्यांत धरणे, कारखाने, पंचवार्षिक योजना आणि वरून धीरगंभीर निवेदन असे. हुसेन मात्र राजस्थानात गेले आणि बुंदी, चितोड, जैसलमेरच्या वाटांवर दिसेल ते टिपत राहिले. ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ या कृष्णधवल लघुपटात गोष्ट नाही आणि दृश्यांचा अर्थ समजावणारे निवेदनही नाही. छत्री, कंदील आणि जोडा पुन्हा पुन्हा येतात. किल्ल्याच्या भिंती, जनावरे आणि माणसे यांच्याशी त्यांचे नाते काय, ते प्रेक्षकानेच जुळवायचे. कंदील तर थेट घरचा. हुसेनच्या आजोबांचे पोट त्याच धंद्यावर चाले.

सरकारी पैशातून सरकारचा एकही संदेश नसलेला चित्रपट निघाला, हेच त्यातले बंड. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. त्या दिवसांत फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती आणि एस. सुखदेव हे दिग्दर्शकही चौकट मोडत होते. थोड्याच काळात चित्रकार अकबर पदमसींनी ‘सिझिगी’ हा लघुपट केला, तर तैयब मेहतांनी 1970 मध्ये वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रित केलेला ‘कूडल’. मुंबईच्या चित्रकारांनी कॅमेरा हाती घेण्याची वाट अशी रुळली.

भारतीय प्रायोगिक चित्रपटाचा इतिहास सांगताना फिल्म्स डिव्हिजनपासून सुरुवात होते. ती थोडी मागे, देवळालीकरांच्या वर्गापर्यंत न्यायला हवी. चित्राने गोष्ट सांगितलीच पाहिजे असे नाही, वस्तू नुसती नीट पाहिली तरी पुरते, ही शिस्त त्या वर्गातून आलेल्या आणखी एका चित्रकाराने आयुष्यभर जपली. चिंचाळकर गुरुजी इंदुरातच राहिले. वाळकी पाने, मुळ्या, झाडाच्या साली, टाकून दिलेल्या वस्तू यांत दडलेले चेहरे आणि पाखरे ते शोधून काढत, लहान मुलांनाही शोधायला शिकवत. हुसेननी छत्री आणि कंदिलाला पडद्यावर जे स्थान दिले, तेच गुरुजींनी घराच्या ओट्यावर पालापाचोळ्याला दिले. एकाला बर्लिनने गौरवले, दुसऱ्याला इंदूरने गुरुजी म्हटले. या दोघांचा इतिहास एकत्र लिहिला, तरच त्या शाळेने काय कमावले ते समजते.