साथ एक, मोल वेगळे

चाळीसगावाहून धुळ्याकडे जाणारा रेल्वेचा फाटा १९०० साली सुरू झाला. मुंबई-भुसावळ हा मुख्य मार्ग त्याच्या कितीतरी आधीचा. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत उघडकीस आलेला प्लेग माणसे आणि माल यांच्या वाहतुकीबरोबर इलाखाभर पसरला, त्यातून खानदेशही सुटला नाही. या साथीचा इतिहास सांगताना आपण रँडचा वध, हाफकिनची लस आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना आलेला मृत्यू यांची आठवण काढतो. मैला उचलणाऱ्या आणि गटारे उपसणाऱ्या कामगारांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

हे कामगार किती महत्त्वाचे होते, हे सरकारला पुरते ठाऊक होते. ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबई महापालिकेने रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा हुकूम काढला. त्याविरुद्ध लोक खवळले आणि शहर सोडून जाऊ लागले. त्यांच्याबरोबर हलालखोर, म्हणजे सफाई कामगारही निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात नोंदवली आहे. हुकूम सौम्य करण्यामागे हेही एक कारण होते. जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेल्या माणसांची किंमत सत्तेला कळली, ती ते निघून जातील या भीतीने.

१८९७च्या साथरोग कायद्याने सद्भावनेने काम करणाऱ्या अंमलदारांना खटल्यापासून संरक्षण दिले. घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांवर हल्ला झाल्यास वेगळी शिक्षा मात्र त्यात नव्हती. ती तरतूद व्हायला एप्रिल २०२०चा अध्यादेश यावा लागला.

तोवर कोविड आला होता. २००५पासून सुरू झालेल्या योजनेत साधारण हजार लोकसंख्येमागे एक ‘आशा’ असते. चाळीसगाव तालुक्यातील खेड्यांत, तशीच राज्यभर, तपासणीची पहिली पायरी तीच होती. १५ सप्टेंबर २०२०पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजला गेला. त्या पथकांतही ती होती. कागदोपत्री मात्र आशा कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. तिला मिळतो तो पगार नव्हे, कामागणिक मोबदला आणि मानधन.

केंद्राने मार्च २०२०मध्ये जाहीर केलेल्या ५० लाखांच्या विम्यात डॉक्टरांबरोबर आशाही होत्या. म्हणजे मृत्यूनंतरची रक्कम दोघांना सारखी होती. जिवंतपणी साथीच्या कामाबद्दल आशांना केंद्राकडून मिळत होते महिना हजार रुपये.

१५ जून २०२१ रोजी राज्यातील सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याभरात तडजोड झाली: हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. दर्जा मात्र स्वयंसेविकेचाच राहिला.

सावित्रीबाईंनी स्वतःहून पत्करला, तो त्याग होता. पगाराऐवजी ज्याची अपेक्षा धरली जाते, त्याला त्याग म्हणता येत नाही. १८९६ असो वा २०२१, तळाच्या माणसांचे मोल ठरले ते त्यांनी काम थांबवले तेव्हा, किंवा थांबवतील अशी भीती वाटली तेव्हा. पुढची साथ येण्यापूर्वी ते ठरवता येईल. त्यासाठी ‘मानधन’ या शब्दातला मान बाजूला ठेवून धनाचा हिशेब आधी करावा लागेल.