प्रसार भारती : निधिव्यवस्था

आकाशवाणी व दूरदर्शन चालविणाऱ्या प्रसार भारती या वैधानिक महामंडळाचा खर्च मुख्यत्वे केंद्र सरकारच्या अनुदानातून, म्हणजे करदात्यांच्या पैशातून भागतो. जाहिरातींचे उत्पन्न त्याला पुरत नाही. पूर्वी श्रोता थेट पैसे भरत असे : रेडिओ परवान्याचे पुस्तक घेऊन पोस्टात जायचे, वार्षिक शुल्क भरायचे आणि त्यावर शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात हे शुल्क रद्द झाले. त्याआधी बी. जी. वर्गीस समितीने १९७८ मध्ये आकाशवाणी व दूरदर्शनसाठी स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. १९९० चा प्रसार भारती कायदा प्रत्यक्षात १९९७ मध्ये अंमलात आला. तिजोरीची किल्ली मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाकडेच राहिली आणि स्वायत्तता बरीचशी कागदावर उरली. तरीही अनुदान बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सकाळी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या, मच्छीमारांसाठी वादळाचे इशारे, ‘आमची माती, आमची माणसं’सारखा शेतीचा कार्यक्रम यांच्यामागे जाहिरातदार धावत नाहीत. संसदेने काही वर्षांचा निधी एकदम मंजूर केल्यास महामंडळाला दरवर्षी मंत्रालयाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.