कॅनमधला एरंड

माझा मावसभाऊ जुन्नरहून भाजीचा पिकअप घेऊन वाशीला जातो. गेल्या महिन्यात ऑइल बदलायला आम्ही दोघं दुकानात गेलो, तर काउंटरवर तीन कॅन मांडलेले: मिनरल, सेमी-सिंथेटिक आणि फुल्ली सिंथेटिक. तिसऱ्याची किंमत ऐकून तो बिचकला. "सिंथेटिक म्हणजे सगळं केमिकलच ना? इंजिनाला बाधलं म्हणजे?" मी म्हटलं, "केमिकल कसलं! तुझ्या बांधावरच्या एरंडाचं पणतवंड आहे ते."

ही कुळकथा मी हल्ली भेटेल त्याला ऐकवतो. घरचे याला एरंडाचं गुऱ्हाळ म्हणतात, आणि या एका बाबतीत ते अक्षरशः बरोबर आहेत.

मला धागा सापडला तो एका नावात. कॅस्ट्रॉल. गॅरेजच्या पाट्यांवर हा शब्द आपण लहानपणापासून वाचतो, पण त्यात 'कॅस्टर ऑइल', म्हणजे आपलं एरंडेल, दडलेलं आहे हे लक्षात येत नाही. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्याने १८९९ साली वंगणाची कंपनी काढली. १९०९ साली त्याने एरंडेल घातलेलं इंजिन ऑइल आणलं आणि त्याला हे नाव दिलं. तेल इतकं गाजलं की १९६० साली कंपनीनेच आपलं नाव टाकून तेलाचं घेतलं.

पण मग 'कॅस्टर' कुठून आलं? इथे दोन पक्ष आहेत. पहिला बीव्हर या प्राण्याचा. लॅटिनमध्ये बीव्हर म्हणजे कॅस्टर. त्याच्या शेपटीजवळच्या पिशव्यांतून कॅस्टोरियम नावाचा उग्र वासाचा स्राव मिळे, तो औषधात आणि अत्तरात वापरत. त्याच्या जागी एरंडेल वापरात आलं आणि नावही त्यालाच चिकटलं, असं हा पक्ष सांगतो. मला हे पटत नाही. कस्तुरीच्या जातीच्या स्रावाऐवजी जुलाबाचं तेल कोणता वैद्य देईल?

दुसरा पक्ष म्हणतो की वेस्ट इंडीजमधल्या स्पॅनिश-पोर्तुगीज लोकांनी एरंडाला चुकून 'आग्नो कास्तो' म्हटलं आणि इंग्रजांनी त्याचं कॅस्टर केलं. आग्नो कास्तो ही वेगळीच वनस्पती, आपल्या निर्गुडीची सख्खी बहीण. मी या पक्षाचा. निर्गुडीची पानं पंजासारखी, एरंडाचीही पंजासारखी. युरोपात एरंडाला 'पाल्मा ख्रिस्ती', म्हणजे ख्रिस्ताचा तळहात, असंही जुनं नाव आहे. म्हणजे या झाडाला पानावरून ओळखायची सवय होतीच, आणि पान बघून नाव ठेवणाऱ्याची अशी चूक सहज होते. (बी बघून नाव ठेवणारेही होते. 'रिसिनस' हे शास्त्रीय नाव लॅटिनमधल्या गोचिडीचं. एरंडीची बी हातात घेऊन पाहा, अंगावर काटा येईल.)

तेल इंजिनात टिकलं ते त्याच्या चिकट स्वभावामुळे. एरंडेलातला जवळजवळ नऊ दशांश भाग रिसिनोलिक आम्लाचा. त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो आणि तो धातूला धरून बसतो. शिवाय एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांत पेट्रोलची वाफ क्रँककेसमधूनच जायची. खनिज तेल असतं तर धुऊन गेलं असतं. एरंडेल राहिलं, पण न जळलेलं तेल मागे उडून वैमानिकाच्या तोंडावर यायचं आणि व्हायचा तो परिणाम पोटावर व्हायचा. आजीच्या चमच्याची धास्ती ज्यांनी घेतली आहे त्यांना जास्त सांगायला नको.

एरंडेलाचा मोठा दोष म्हणजे तापून त्याचा डिंक होतो. यावरचा उतारा एरंडातच निघाला. एरंडेल कॉस्टिकबरोबर तापवलं की सेबॅसिक आम्ल मिळतं, आणि त्याची अल्कोहोलशी सोयरीक जुळवली की डायएस्टर बनतं. हे डायएस्टर उणे ५० अंशांच्या आसपासही वाहतं आणि जेट इंजिनाच्या उष्णतेतही तग धरतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जेट विमानांना हेच मानवलं. पुढे अमेरिकेतल्या अल अमाटुझिओ या लढाऊ वैमानिकाने विचार केला की जेटला चालतं ते मोटारीला का नको? १९७२ साली त्याच्या अ‍ॅम्सॉइलने डायएस्टरवर बेतलेलं १०डब्ल्यू-४० ऑइल बाजारात आणलं. मोटारीसाठीचं, एपीआय या अमेरिकी तेल-संस्थेच्या कसोटीला उतरलेलं ते पहिलं सिंथेटिक.

इथे जाणकार मला अडवतात. मोबिल-१ पासून पुढची बरीच सिंथेटिक तेलं पॉलिअल्फाओलेफिनची, म्हणजे पेट्रोलियमच्याच पोटातली. एरंडाचा संबंध काय? उत्तर असं, की ते ओलेफिन रबरी सील आक्रसवतं आणि त्यात अ‍ॅडिटिव्हही नीट विरघळत नाहीत, म्हणून त्यात थोडं एस्टर घालावं लागतं. ते एस्टर दर वेळी एरंडाचंच असतं असं नाही, हे मान्य. रक्ताचं नसेल, पण गादीचं नातं आहे. दत्तकालाही आपण वारसच म्हणतो.

खरी गंमत नव्वदच्या दशकाच्या अखेरची. कॅस्ट्रॉलने आपल्या सिंटेक तेलात ओलेफिन काढून हायड्रोजनने कडक शुद्ध केलेलं खनिज तेल घातलं, आणि कॅनवर 'सिंथेटिक' तसंच ठेवलं. मोबिलने अमेरिकेतल्या जाहिरात-पंचांकडे तक्रार केली. निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. ज्या कंपनीच्या नावातच एरंड, तिनेच जमिनीतल्या तेलाला सिंथेटिक म्हणायची वाट मोकळी केली.

म्हणून भावाला सांगितलं, मोठ्या अक्षरांवर जाऊ नकोस, मागची बारीक अक्षरं वाच. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू 'विंटर'चा, वजनाचा नव्हे. त्या पाचाची परीक्षा उणे ३० अंशांत होते; जुन्नरची थंडी तिथवर जायची नाही. तीस हा आकडा मात्र १०० अंशांवरच्या दाटपणाचा, आणि परतीला गाडी माळशेज चढते तेव्हा कामाचा तोच. गाडी बीएस-६ डिझेल, सायलेन्सरच्या वाटेत काजळीची जाळी. तिथे राख कमी करणारं तेलच हवं. मॅन्युअलमध्ये ग्रेड आणि सीके-४ सारखं जे मानक छापलंय, ते कॅनवर जुळलं पाहिजे. जुळणाऱ्यांत सिंथेटिक परवडत असेल तर घे: ते कमी उडतं, टर्बोच्या उष्णतेत उशिरा खराब होतं.

त्याने मॅन्युअल काढलं, दोन कॅन फिरवून पाहिले, तिसरा उचलला. गॅरेजात बूच उघडून आधी वास घेतला.

"एरंडेलाचा नाही येत."

"नाहीच येणार."

"मग बरंय," म्हणाला, आणि नरसाळं लावलं.