म्युनिकमधील दोन ख्रिस्त

तीर्थयात्रेला निघालेला भाविक आणि चित्रप्रदर्शनाला निघालेला रसिक यांचे मार्ग इतिहासात क्वचित एकाच शहरात येऊन मिळतात. जर्मनीतील म्युनिक शहरात विसाव्या शतकात असे दोनदा घडले. दोन्ही वेळा लोकांची रीघ लागली, दोन्ही वेळा त्यांच्यासमोर क्रूसावरचा विद्रूप ख्रिस्त होता. तो त्यांना ज्या रीतीने दाखविण्यात आला, त्या रीतीत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर होते.

पहिला प्रसंग पहिल्या महायुद्धाच्या अखेरचा. मातियास ग्रुनेवाल्ड या चित्रकाराने सुमारे १५१२ ते १५१६ या काळात आल्सास प्रांतातील इझेनहाइम येथील मठासाठी एक वेदीचित्र रंगविले होते. राय धान्यावरील विषारी बुरशीमुळे जडणाऱ्या एका भयंकर रोगाच्या रुग्णांची त्या मठात शुश्रूषा होत असे. त्यांच्या अंगाची आग होई, हातपाय सडत. अशा रुग्णांसमोर ग्रुनेवाल्डने जो ख्रिस्त ठेवला, तोही हिरवट पडलेल्या कातडीचा, अंगभर जखमांचा, वेड्यावाकड्या ताणलेल्या बोटांचा होता. युद्धकाळात, १९१७ साली, हे वेदीचित्र कोलमारहून म्युनिकला हलविण्यात आले. नोव्हेंबर १९१८ ते सप्टेंबर १९१९ या काळात ते तेथील आल्टे पिनाकोटेक संग्रहालयात लोकांना पाहावयास मिळाले. पराभवाने खचलेले, आप्त गमावलेले लोक त्याच्यापुढे एखाद्या तीर्थस्थानी यावे तसे येऊन उभे राहिले. त्या विद्रूपतेला कोणी ईश्वरनिंदा म्हटले नाही.

दुसरा प्रसंग १९ जुलै १९३७ चा. त्या दिवशी नाझी राजवटीने याच शहरात 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन उघडले. बत्तीस संग्रहालयांतून जप्त केलेल्या सुमारे साडेसहाशे आधुनिक कलाकृती त्यात होत्या. प्रवेश विनामूल्य होता. नोव्हेंबरअखेरपर्यंत वीस लाखांहून अधिक भेटींची नोंद झाली. खुद्द म्युनिकची वस्ती तेव्हा दहा लाखांहूनही कमी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे बाहेरगावांहून आलेल्या गर्दीची कल्पना येते.

प्रेक्षकाला आरंभीच दिसे तो शिल्पकार लुडविग गीस यांचा क्रूसावरील ख्रिस्त. महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ घडविलेली ही मूर्ती एके काळी लुबेकच्या कॅथेड्रलमध्ये होती. पहिल्या दालनात धर्मविषयक चित्रे होती. त्यांत एमिल नोल्ड यांची येशूच्या जीवनावरील नऊ चित्रांची मालिका होती. चित्रे दाटीवाटीने, मुद्दाम अव्यवस्थित टांगलेली होती. भिंतीवर लिहिले होते की, सेंट्रम पक्षाच्या राजवटीत देवाची ही निर्लज्ज टवाळी झाली. सेंट्रम हा जर्मन कॅथलिकांचा पक्ष. नाझींच्या दडपणाखाली १९३३ सालीच तो विसर्जित झाला होता. म्हणजे देवाची बाजू घेतल्याचा आव आणून दोष टाकला जात होता तो भाविकांवर!

हा आव आणणारे कोण होते? त्याच वर्षी २१ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, अकरावे पायस यांचे 'मिट ब्रेनेंडर झोर्ग' हे परिपत्रक जर्मनीतील कॅथलिक चर्चमधून वाचले गेले होते. त्याचा पहिला मसुदा म्युनिकचेच आर्चबिशप, कार्डिनल फाउलहाबर यांनी लिहिला होता. वंश आणि राष्ट्र यांना देवाच्या जागी बसविणे ही मूर्तिपूजा होय, असे त्यात निक्षून सांगितले होते. ते छापणारे छापखाने सरकारने जप्त केले. पोपमहोदयांचा शब्द दाबणारी सत्ता चार महिन्यांनी ख्रिस्ताच्या सन्मानाची कैवारी म्हणून उभी राहिली, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

तथापि येथे साधू आणि खल अशी सोपी विभागणी करता येत नाही. ज्यांच्या हजाराहून अधिक कलाकृती जप्त झाल्या, ते नोल्ड स्वतः नाझी पक्षाचे सभासद होते आणि यहुद्यांचा द्वेष करीत होते. छळ झाला म्हणून ते निष्पाप ठरत नाहीत. आणि ते निष्पाप नव्हते म्हणून त्यांचा ख्रिस्त खोटा ठरत नाही. आपल्या चर्चलाही नव्या कलेशी समेट करावयास वेळ लागला. याच अकराव्या पायस यांनी १९३२ साली व्हॅटिकनच्या नव्या चित्रसंग्रहालयाच्या उद्‌घाटनप्रसंगी आधुनिक धार्मिक कलेवर कठोर टीका केली होती. पुढे ७ मे १९६४ रोजी सहावे पॉल यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये कलावंतांची क्षमा मागितली आणि १९७३ साली व्हॅटिकन संग्रहालयात आधुनिक धार्मिक कलेचा विभाग उघडला.

आमच्या धर्मग्रामांतूनही तरुण मंडळी मुंबईला आधुनिक चित्रे पाहावयास जातात आणि घरची वडीलधारी माणसे साशंक होतात. ही शंका अगदीच अनाठायी नाही, कारण श्रद्धेची टवाळी करणारी कलाही जगात असते. पण ती ओळखावयाची तर आधी चित्रापुढे शांतपणे उभे राहिले पाहिजे आणि भिंतीवरचा मजकूर कोणी, कशासाठी लिहिला, हे विचारले पाहिजे. उत्तम शुक्रवारी आपण ज्या क्रूसाचे चुंबन घेतो, त्यावरचा देहही सुंदर नसतो. इझेनहाइमच्या रुग्णांना हे ठाऊक होते. १९३७ साली म्युनिकला आलेल्या प्रेक्षकांना ते विसरावयास लावण्यात आले.